मिळेल का, खाला?

गेल्या वर्षभरात आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. विचारणारी माझी भाची, म्हणजे आपाची थोरली मुलगी. कधी ती विचारायची, कधी तिची अम्मी, कधी नानी, तर कधी दोहाहून फोनवर तिचा भाऊ. मी अलिबागजवळच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांचा कोणताही प्रश्न फिरून माझ्याच दारात येतो. मुलगी एमबीएला प्रवेश घेऊ पाहते आहे, मोठमोठ्या संस्थांची नावं घेते आहे, तर तिला मिळेल की नाही ते खाला सांगेल, असा सगळ्यांचा समज.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ घरांत आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे. म्हणून आम्ही केलेला हिशोब इथे मांडते.

भाचीची गोष्ट थोडक्यात अशी. दहावीला ८९ टक्के, बारावीला ७१, कारण त्या वर्षी घरात मोठं आजारपण होतं आणि तिचे निम्मे दिवस दवाखान्याच्या बाकावर गेले. पुढे अलिबागच्या जेएसएम कॉलेजातून २०२२ मध्ये चांगल्या गुणांनी बी.कॉम. त्यानंतर गावातल्या एका कर सल्लागाराकडे नोकरी. होमस्टेवाले, मासळीचे व्यापारी, पांढऱ्या कांद्याचे अडते यांची जीएसटीची विवरणपत्रं ती भरते. दोन वर्षांनी तिच्या मनात आलं की दुसऱ्यांचे हिशोब भरण्यात आयुष्य घालवायचं नाही, धंदा कसा चालतो ते शिकायचं. त्याच सुमारास श्रीवर्धनकडचं एक चांगलं स्थळही आलं. मुलाकडच्यांनी सांगितलं, एक वर्ष थांबतो. म्हणजे तिच्या हातात एकच वर्ष होतं.

पहिला सल्ला एका क्लासच्या समुपदेशकाकडून मिळाला. अर्धा तास बोलून त्याने सांगितलं, "मुलगी हुशार आहे, नव्व्याण्णव कुठे गेले नाहीत." दुसरा सल्ला बिरादरीतल्या एका बुजुर्गांचा. "आपल्या लोकांना तिथे घेतात कुठे? पैसे वाया घालवू नका." दोघांनीही तिची एकही उत्तरपत्रिका पाहिली नव्हती.

बुजुर्गांचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही, कारण त्याला आकड्याचा आधार आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की तेव्हा देशातल्या सर्व आयआयएममध्ये मिळून ४,७४३ विद्यार्थी होते आणि त्यांत मुस्लिम होते ६३. म्हणजे १.३ टक्के. हा आकडा वाचून वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं. पण तो माझ्या भाचीची शक्यता सांगत नाही. तो वर्गात बसलेल्यांचा आकडा आहे. शंभर मुलींनी अर्ज केले आणि एकीला मिळालं ही एक गोष्ट, तिघींनीच अर्ज केले आणि एकीला मिळालं ही निराळी गोष्ट, आणि दोन्हीकडे वर्गात दिसते ती एकच. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शिकवलेल्या आपल्या मुलींपैकी कॅटचा फॉर्म भरणारी ही पहिलीच. ज्या दारावर आपण फारसे गेलोच नाही, ते उघडतं की नाही याचा अंदाज आत बसलेली माणसं मोजून करता येत नाही. लेखी परीक्षा संगणक तपासतो, त्याला नाव वाचता येत नाही. मुलाखतीच्या खोलीत काय होतं त्याची हमी मात्र मी देणार नाही, पण तिथपर्यंत पोचणं तरी आपल्या हातात आहे.

तेव्हा मी भाचीला म्हटलं, क्लासवाला आणि बुजुर्ग दोघांनाही बाजूला ठेव, आपण तुझे आकडे घेऊन बसू.

आमच्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक मापं बिघडतील, म्हणून १९०४ साली ते काम समुद्र ओलांडून इथे आणलं. मोजायचं तर गोंगाटापासून दूर बसावं लागतं. आम्हीही महिनाभर कोणाचे यशाचे व्हिडिओ पाहायचे नाहीत असं ठरवलं.

आधी परीक्षा समजून घेतली. कॅट दरवर्षी नोव्हेंबरमध्ये होते. १२० मिनिटं आणि तीन विभाग: इंग्रजी वाचन, तर्क व माहितीचं विश्लेषण, आणि गणित. प्रत्येकाला ४० मिनिटं, एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा. २०२४ मध्ये ६८ प्रश्न होते, म्हणजे एकूण २०४ गुण. आणि गंमत अशी की निम्म्याहून कमी गुण मिळवूनही ९९ पर्सेंटाइल येतो. शाळेत पहिली येणाऱ्या मुलीला हे पचत नाही. तिला वाटतं, सगळं सोडवायला हवं. भाचीला पहिले दोन महिने मी प्रश्न सोडवायला शिकवलंच नाही. कोणते सोडून द्यायचे ते शिकवलं.

मग पर्सेंटाइल. या शब्दाने आमच्या घरात बराच घोळ घातला. नानीला वाटलं ९० म्हणजे ९० टक्के, पेढे वाटायला हरकत नाही. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, रांगेतली जागा. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी दिली. त्यात ९९ पर्सेंटाइल असलेल्याच्या पुढे जवळपास २,९०० माणसं उभी असतात आणि ९० वाल्याच्या पुढे २९ हजार. अहमदाबादच्या आयआयएमच्या मुख्य अभ्यासक्रमात जागा चारशेच्या आसपास. हे मांडल्यावर नानी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "इतकी माणसं तर आपल्या उरुसालाही येत नाहीत."

सराव परीक्षांत भाचीला साधारण ८८ ते ९४ मिळत होते. इथे एक बारीक गोष्ट आहे. पैसे भरून सराव परीक्षा देणारी मुलं आधीच तयारीतली असतात, त्यामुळे खऱ्या परीक्षेत जागा थोडी वर सरकू शकते. उलट परीक्षेच्या दिवशीची धडधड ती खालीही आणते. म्हणून मी तिच्या सर्वांत चांगल्या आकड्याकडे पाहिलं नाही, वाईटाकडेही नाही. शेवटच्या आठ परीक्षा घेतल्या, मधला आकडा काढला. आला ९१. हाच धरायचा आणि यावरच बेत आखायचा.

पुढचा भाग जास्त कडू होता. आयआयएम नुसता कॅटचा आकडा पाहत नाहीत. दहावी, बारावी, पदवी यांच्या गुणांना वजन देतात, कोणी जास्त, कोणी कमी. तिची बारावी ७१ वर थांबलेली, ते आता खोडता येत नाही. दवाखान्याचा बाक गुणपत्रिकेवर छापलेला नसतो. तिच्या बाजूने तीन गोष्टी होत्या: ती मुलगी आहे, ती इंजिनीअर नाही आणि तिने दोन वर्षं काम केलं आहे. वर्गात सगळे एकाच साच्याचे नकोत म्हणून पुष्कळ संस्था पहिल्या दोन गोष्टींना काही गुण देतात. पण या जोरावर ९१ चे ९९ होत नाहीत.

आरक्षणाचीही चौकशी केली, कारण आपल्याकडे याबाबत फार अंधार आहे. सर्वसाधारण वर्गातल्या आर्थिक दुर्बल कुटुंबांना २०१९ पासून १० टक्के जागा आहेत आणि त्या मुस्लिम कुटुंबांनाही लागू आहेत. वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं लागतं, शिवाय जमीन आणि घराच्या अटी आहेत. आमचं अडलं ते तिथेच. केंद्राच्या नियमाप्रमाणे नगरपालिकेबाहेर २०० चौरस यार्डांहून मोठा राहता प्लॉट चालत नाही, आणि दुल्हेभाईंच्या वडिलोपार्जित वाडीतलं अंगण त्याहून मोठं. ज्या अंगणात फक्त सुपारी वाळते, त्या अंगणाने आम्हाला कागदावर श्रीमंत केलं! तुमच्या घराचं तसं नसेल तर दाखला जरूर काढा. फॉर्म भरण्याआधी काढा, आणि केंद्राचा व राज्याचा नमुना वेगळा असतो हे विसरू नका. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा काही बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. त्यांनी केंद्राची यादीही पाहावी आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला वेळेत घ्यावा. कॅटच्या फॉर्मवर एकदा लिहिलेला प्रवर्ग मागाहून बदलत नाही.

एवढं झाल्यावर मी वहीत तीन रकाने आखले. दूरच्या संस्था, बेतातल्या आणि हातातल्या. दूरच्यांत जुन्या आयआयएम आणि मुंबईची जमनालाल बजाज. बजाज मुंबई विद्यापीठाची, १९६५ सालची, चर्चगेटजवळ. तिथे कॅट नव्हे तर राज्याची सीईटी चालते. मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा १२० आणि सीईटीत ९९.९ च्या पुढचे आकडे लागतात. बेतातल्यांत काही नव्या आयआयएम, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था आणि पुणे विद्यापीठाचा विभाग, ज्याला सगळे पुम्बा म्हणतात. खरं तर सिडनहॅम आणि पुम्बासुद्धा दूरच्याच रकान्यात हव्यात असं माझं मत होतं. भाचीने हट्टाने मध्ये ठेवल्या. हातातल्यांत मुंबई-पुण्याच्या सात-आठ खाजगी संस्था, त्यांत अंजुमन-ए-इस्लामची अल्लाना इन्स्टिट्यूटही.

इथे तिच्या भावाने दोहाहून एक युक्ती पाठवली. तो म्हणाला, "खाला, प्रत्येक ठिकाणी समजा २० टक्के शक्यता आहे. सहा ठिकाणी अर्ज केले तर कुठेतरी लागण्याची शक्यता ७४ टक्के होते, मी हिशोब केला." गणित बरोबर होतं. पण ते फाशांचं गणित, प्रवेशाचं नव्हे. सहाही संस्था तोच कॅटचा आकडा पाहणार, तीच बारावी पाहणार. एक 'नाही' म्हणाली तर दुसरीही त्याच कारणासाठी 'नाही' म्हणण्याचा संभव मोठा. मी त्याला सांगितलं, "बाबा, एकाच खाडीतून, एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात सहा होड्या सोडल्या म्हणजे सहा वेळा नशीब आजमावलं असं होत नाही. वारा फिरला तर सहाही रिकाम्या येतात." कोळीवाड्यात हे कोणाला समजावावं लागत नाही.

म्हणून अर्जांची संख्या वाढवण्याऐवजी वारा बदलायचं ठरवलं. राज्याची सीईटी ही वेगळ्या स्वभावाची परीक्षा. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. कॅटमध्ये जो थांबतो तो जिंकतो, सीईटीत जो थांबतो तो मागे पडतो. भाचीचा हात वेगाचा, दोन वर्षं दर महिन्याच्या वीस तारखेला विवरणपत्रांचा ढीग उपसून तयार झालेला. आणि बजाज वगळता बहुतेक संस्थांच्या सीईटी प्रवेशाला मुलाखत-गटचर्चा नाही, यादीप्रमाणे जागा मिळते, म्हणून आधीच्या वर्षांच्या फेरीनिहाय याद्या समोर ठेवून अंदाज पुष्कळ नेमका करता येतो, असं तिच्या ओळखीच्या मुलींनी सांगितलं. त्या याद्या आम्ही दोन रात्री वाचल्या. माझं मत, आपल्या मुलांनी क्लासची जाहिरात वाचण्याआधी या याद्या वाचाव्यात.

मग आला चौथा रकाना. तो मी आखला नव्हता.

दुल्हेभाई एसटीतून निवृत्त झालेले. बोलतात कमी. एका संध्याकाळी वही मागितली, सगळं वाचलं आणि म्हणाले, "यात खर्च कुठे आहे?" अहमदाबादची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या घरात. बँका अशा संस्थांना कर्ज देतात, पुष्कळदा तारणाशिवाय. पण ते व्याजाचं कर्ज. दुल्हेभाईंनी आयुष्यात व्याजाचा पैसा घरात आणलेला नाही, आमचं घर छपरापर्यंत यायला म्हणूनच अकरा वर्षं लागली. ते भाचीला म्हणाले, "मी आताच सांगतो, कारण तुला मिळाल्यावर माझ्याने 'नाही' म्हणवणार नाही."

त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. भाचीचं म्हणणं होतं, आधी मिळू तर दे. तिथे गरजू मुलांना शिष्यवृत्त्या आहेत, फीमाफी आहे. आपा म्हणाली, दोघांच्या हजसाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत, आधी मुलीचं शिक्षण होऊ दे, हज पुढच्या वर्षी. भाची ताडकन उठून आत गेली. नंतर मला म्हणाली, "खाला, ते पैसे घेऊन मी वर्गात बसूच शकणार नाही."

व्याजाबद्दल फतवा देण्याचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. वेगवेगळ्या घरांनी वेगवेगळा मार्ग काढलेला मी पाहिला आहे. कोणी नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेतलं, कोणी राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे गेलं, कोणी बँकेचं कर्ज घेऊन लवकरात लवकर फेडलं. मी एवढंच म्हणाले की हा प्रश्न निकालाच्या दिवशी नव्हे, आज सोडवायचा. म्हणून वहीत चौथा रकाना आला: मिळालं तर जाणार का? प्रत्येक नावापुढे हो किंवा नाही. बाप-लेक दोघांनी बसून तो भरला. आपा चहा देत राहिली. दुल्हेभाईंनी सांगितलेला आकडा, भावाची मदत आणि तिची स्वतःची दोन वर्षांची बचत मिळून जी रक्कम झाली, तिच्या आत जे बसेल ते 'हो'. जुन्या आयआयएमपुढे भाचीने लिहिलं, 'पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच.' दुल्हेभाईंनी ते वाचून मान हलवली. काही खाजगी संस्था, ज्यांची फी आयआयएमच्या जवळ जाते पण नाव तेवढं नाही, त्या तिथेच खोडल्या गेल्या. त्यांच्या वेगळ्या परीक्षा, वेगळे फॉर्म, सगळेच पैसे वाचले. कॅटचा फॉर्म मात्र भरला. २०२४ मध्ये त्याची फी सर्वसाधारण वर्गाला २,५०० रुपये होती. आणि नोकरी सोडायची नाही, हेही तेव्हाच ठरलं. ९१ च्या अंदाजावर चालू पगार सोडणं मला पटत नव्हतं.

ऑक्टोबरात ती एकदा मांडव्याहून बोटीने गेटवेला उतरली आणि चालत चर्चगेटला जाऊन बजाजची इमारत पाहून आली. येताना सीएसएमटीसमोरच्या अंजुमनच्या संस्थेतही जाऊन आली. तिथल्या मुलामुलींशी बोलली. अल्पसंख्याक संस्थेत आपल्या समाजासाठी ५१ टक्के जागा असतात आणि त्यामुळे तिथे प्रवेशाचा आकडा खाली येतो. भाचीला हे थोडं लागत होतं, जणू मागच्या दाराने जाणं. मला ते मान्य नाही. ज्यांनी ती संस्था उभी केली त्यांनी ते दार मुद्दाम पुढच्या बाजूलाच ठेवलं आहे. विचारायचं ते दुसरंच: शिकवणारे कोण आहेत, उन्हाळ्यात काम शिकायला मुलं कुठे जातात, नोकरी किती जणांना लागली. सरासरी पगार विचारू नये, मधला विचारावा. पाच मुलांना ५, ५, ६, ६ आणि २८ लाख मिळाले तर सरासरी १० लाख होते, आणि दहा लाख तर त्यांतल्या कोणालाच मिळालेले नसतात. हे तिने प्रत्येक ठिकाणी विचारलं. काहींनी सांगितलं, काहींनी माहितीपुस्तिका हातात ठेवली.

कॅट होती २४ नोव्हेंबरला. आदल्या दिवशीच विधानसभेचे निकाल लागलेले, वडखळपर्यंत ठिकठिकाणी गुलाल आणि डीजे. सकाळच्या सत्रासाठी केंद्र नवी मुंबईत, म्हणून दुल्हेभाई तिला आदल्या दिवशीच खारघरला चुलत बहिणीकडे घेऊन गेले. डिसेंबरात निकाल लागला: ९२ आणि वर काही दशांश. बोलावणं एकाही आयआयएमचं आलं नाही. वहीत ते तसंच लिहिलं होतं, तरी ती दोन दिवस रडली. अंदाज बरोबर निघाला म्हणून दुःख कमी होत नाही, हे मला तेव्हा दिसलं. नानी तिच्या डोक्यावरून हात फिरवत एवढंच म्हणाली, "तदबीर तू केलीस ना?"

मग सीईटी. २०२५ ची सीईटी १, २ आणि ३ एप्रिलला लागली आणि ईद आली ३१ मार्चला. म्हणजे तयारीचा शेवटचा सगळा महिना रमजानचा. सेहरीनंतर फज्र पढून ती दोन तास बसायची, कारण दुपारी रोज्यात वेगाचा सराव होत नाही, डोकं जड होतं. अडीच तासांची पूर्ण सराव परीक्षा तरावीहनंतर. ईदच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि ही शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन आकृत्यांचे प्रश्न पाहत बसलेली. तिची परीक्षा २ तारखेला. श्रीवर्धनचे पाहुणे त्या ईदला येऊन गेले. मुलाच्या अम्मीने तिची वही उचलून पाहिली आणि विचारलं, "हे चौथं काय आहे?" भाचीने समजावून सांगितलं. त्यांनी वही परत ठेवली आणि आपाला म्हणाल्या, "आमच्याकडेही दोन मुली आहेत, त्यांना दाखवायला द्याल का?"

सीईटीचा निकाल ९८.६. सराव परीक्षांतला मधला आकडा ९८ होता. बजाजचा प्रश्न मिटला, सिडनहॅमचाही जवळपास मिटला. "अलिबागवरून आलाय का" म्हणून मुंबईकर ज्या गावाची थट्टा करतात, ज्या थट्टेविरुद्ध २०१९ मध्ये उच्च न्यायालयात याचिका गेली आणि फेटाळलीही गेली, त्या गावातून नोकरी सांभाळून हा आकडा आला. मला त्याचा अभिमान वाटला, तो मी लपवला नाही. भाचीचा चेहरा मात्र पडलेलाच होता, कारण मधल्या रकान्यात तिने हट्टाने ठेवलेली नावं हातची जाताना दिसत होती.

उरला तो पर्यायांचा अर्ज. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत संस्थांची नावं पसंतीच्या क्रमाने भरायची असतात. पुष्कळ मुलं इथे घाबरून जिथे नक्की मिळेल ती संस्था पहिली लिहितात. तसं करू नये. वरच्या पर्यायात जागा नसेल तर यंत्रणा आपोआप पुढच्या पर्यायाकडे जाते, वर मोठं नाव लिहिल्याने खालची जागा जात नाही. उलट पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो कायम होतो, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणजे क्रम इच्छेने लावायचा. शक्यतेचा विचार यादी किती लांब ठेवायची ते ठरवताना करायचा.

पाऊस लागलेला, गेटवेच्या बोटी बंद. भाचीने लॅपटॉप नानीच्या पलंगावर ठेवून यादी भरली. पहिल्या क्रमांकावर सिडनहॅम, आशा नसताना. दुसऱ्यावर पुम्बा. मग मुंबईच्या तीन संस्था, त्यांतच अंजुमनची अल्लाना, तिने स्वतःहून चौथ्या जागी ठेवलेली. खाली पुण्याच्या तीन. नवव्या क्रमांकावर एक नाव होतं, जिथे नक्की मिळालं असतं.

दुल्हेभाईंनी चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि नवव्या नावावर बोट ठेवलं. "इथे मिळालं तर जाशील?"

"नाही, अब्बा."

"मग काढ."

तिने काढलं. आठ राहिली.